पाठवणी

मॉस्कोबाहेर, तोमिलिनोच्या कारखान्यात
रूफिना गायसिना प्लास्टर कालवते.
पाण्यात कोपर बुडवून पाहते,
बाळाच्या अंघोळीआधी पाहतात तसं.

दर एप्रिलात शाळेची पोरं येतात विचारायला,
दुसऱ्या ग्रहावर जायला काय काय लागतं.
इंधन, सांगतो कोट घातलेला माणूस. प्राणवायू. गणित.
रूफिनाला कोणी विचारत नाही.
विचारलंच तर ती म्हणेल:
आधी पांढरे सुती कपडे, अंगाला चिकटून बसणारे,
केस टोपीत कोंबायचे,
आणि या टबात उताणं पडायचं, गुडघे छातीशी.
हलायचं नाही.

प्लास्टर आधी गार लागतं, मग हळूहळू तापतं.
तापलं की माणसं बोलायला लागतात.
एकाने आठाचा पाढा उलटा म्हटला.
एक रडला, आणि म्हणाला, सर्दी झालीय.

चेहऱ्याला फोटोंची सवय असते.
पाठीला नसते.
डावा खांदा उतरलेला: लहानपणी अकॉर्डियन वाहिलं असणार.
मणक्याशी एक खळगा: घोड्यावरून पडणं,
अर्जात न लिहिलेलं.
रूफिना पटाशीने कडा तासते
आणि साहेबांपुढे मुकी होते.

मागच्या खोलीत फळ्यांवर साऱ्या पाठी उभ्या.
गेलेल्यांच्या, आलेल्यांच्या,
आणि ऐन वेळी एक ठोका चुकला म्हणून
खालीच राहिलेल्या रोदिओनची.
एकदा जेवणाच्या सुट्टीत
ती त्याच्या साच्यात बसली होती.
नको तिथे टोचलं, हवं तिथे पोकळ.
उठली, पदराआड काही लपवावं तसा
एप्रन सावरला, डबा उघडला.

या खेपेला अग्लाया चेर्निख.
दगडांची जाणकार, नखांत अजून माती.
मंगळ. जाऊन येऊन तीन वर्षं.

वजन सुटलं की कणा सैलावतो,
माणूस उंच होतो,
म्हणून डोक्याकडे जागा सोडायची असते:
सहा महिन्यांना तीन सेंटिमीटर. हे वहीत आहे.
तीन वर्षांना किती, ते वहीत नाही.
वरून पत्र आलं: तेवढीच.

रूफिनाचा मुलगा अठराव्या वर्षी नोरिल्स्कला गेला.
दोन वर्षांनी दारात उभा राहिला तेव्हा
तिने विणून ठेवलेला स्वेटर
मनगटाच्या वर चार बोटं थांबला.
तिने तो उसवला नाही. त्यानेही मागितला नाही.

ती पटाशी उचलते
आणि एक बोट जास्त तासते.

मोजायला पोरगा येतो, नवा, कान लाल.
पट्टी लावतो. पुन्हा लावतो.
तिच्याकडे बघतो.
वहीत तीन लिहितो
आणि पट्टी खिशात घालतो.

ओल्या तळव्याने ती साचा आतून गुळगुळीत करते,
वरून खाली, वरून खाली,
लागतं त्याहून एकदा जास्त.

अग्लाया मोरीशी वाकलेली,
मानेवर पांढरे ओघळ.
विचारते, येताना मी मावेन ना यात?

केस धू आधी, रूफिना म्हणते,
वाळलं की निघत नाही.