शुद्धिपत्र

शाळिग्रामबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला
तेव्हा पारायणाचे चार दिवस उरले होते.
डावा डोळा तसाही कामाचा नाही.
मुलगा हिंजवडीहून येतो, फळं ठेवतो, जातो.
मग लोकमान्यनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
उरलो मी,
समोरच्या दारातला नास्तिक.

"वाचाल का?" त्यांनी विचारलं.
"विश्वास ठेवायचा नाही. नुसतं वाचायचं."
एवढं तर मी चाळीस वर्षं केलं होतं
अप्पा बळवंत चौकामागच्या छापखान्यात:
पोथ्या, पंचांगं, आरत्यांची पुस्तकं.
शेरा मारायचा तो वेलांटीवर,
मजकुरावर नाही.

हात धुऊन गेलो.
त्यांनी सांगितलं नव्हतं.
"भजी खाल्ली होती, पानांना तेल लागेल," मी म्हटलं.
काळा चष्मा किंचित हलला.
भज्यांचा वास काही त्यांना आला नसावा.

पहिले दोन दिवस बातम्या वाचाव्यात तसा वाचत गेलो.
तिसऱ्या दिवशी ओव्या आपल्याच चालीनं चालायला लागल्या,
मी अडवलं नाही.
खाली शास्त्री रस्त्यावर, टपरीपाशी,
स्पर्धा परीक्षेची पोरं कलमं घोकत होती.
कुणाचं पाठांतर
कुणाच्या आड येत नव्हतं.

नववा अध्याय, बासष्टावी ओवी:
'ऐकोनि आकांत धाविला सत्वर, भक्तांसी मारिले…'
"तारिले," बाई म्हणाल्या.
"इथे 'मारिले' छापलंय."
"छापलं असेल. एवढा धावत येऊन
तो मारेल कशाला?"

शेवटचं पान उलटून पाहिलं.
छापखाना आमचाच. साल ओळखीचं.
त्या वर्षी नलूचं पहिलं ऑपरेशन,
आणि मी रात्री तिच्या कॉटच्या कडेला बसून
प्रुफं तपासायचो.
झोप लागली असणार.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.
"तीस वर्षं तुम्ही चुकीचं…"
"मी कुठे चुकीचं वाचलं?"

नलू गेली तेव्हा देह ससूनला दिला.
तिनं तसं लिहून ठेवलं होतं.
दहावा नाही, तेरावा नाही.
सांगलीचे मेहुणे जिन्यात उभे राहून
तिला गती कशी मिळणार ते मोठ्यानं विचारत होते,
तेव्हा ह्याच बाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.
"तिला नको होतं ना? मग नको.
तुम्ही जेवलात का?"
त्या रात्री त्यांच्या दाराखालच्या फटीतून
समईचा उजेड जिन्यावर पडला होता.
दार मात्र घट्ट लावलेलं.
मी पाहिल्याचं
आजवर बोललेलो नाही.

"दुरुस्त करा," त्या म्हणाल्या.
ज्या पोथीला नातवाचं बोट लागू देत नाहीत
तिच्यात, माझ्या लाल पेनानं.
'मा' काटला. समासात 'ता' लिहिला.
सवयीनं खाली सही करायला गेलो
आणि थांबलो.
"करा की," बाई म्हणाल्या.
पेन थांबल्याचं त्यांना ऐकू आलं असावं.

निघताना हातावर केळं ठेवलं.
"प्रसाद म्हणून नाही हं. केळं म्हणून.
फार पिकलंय, उद्या टाकावं लागेल."
सालीला तुळशीचं एक पान चिकटलेलं होतं.
त्यांना दिसत नव्हतं.
मला दिसत होतं.

घरी येऊन केळं खाल्लं.
पान खिडकीत, नलूच्या कोरफडीच्या कुंडीत ठेवलं;
केरात टाकायला हात होईना,
आणि त्याचं कारण शोधत बसलो नाही.

उद्या दहावा अध्याय.
भज्यांचं काहीतरी बघायला हवं.