कसर

फोर्टातल्या वाचनालयाचा शिपाई
ठाकुरद्वारला दुकानात टाकून गेला ते लाल पुस्तक,
पावणेतीन किलो,
विलायतेतल्या एकाच घराण्याची वंशावळ,
थॉर्नविक, मुक्काम थॉर्नविक हॉल.
वाचायला नव्हे. बांधायला.

कसर पान एकेचाळीसला आत शिरली
ती तीनशे दहाला बाहेर पडली.
दाभण घालून पाहिलं, बोगदा सरळ.
सर अँब्रोजपासून सर गिल्बर्टपर्यंत सात पिढ्या
आणि पानोपान तेवढंच भोक, मोहरीएवढं.

बांधायचं पुस्तक वाचू नये, आबा म्हणायचे.
वाचलं.
बाप मेला की थोरला 'सर' होतो.
त्याला गाव, कुरणं, पाणचक्की, चर्चमधला पुढचा बाक.
धाकट्याला तलवार नाहीतर बायबल,
तिसऱ्याला मुंबईचं गलबत.
मुलींना अर्धी ओळ, बारीक टायपात :
'आणि तीन कन्या.'

तिसरा होता एडमंड, रिसाल्यात.
नावापुढे लॅटिनची तीन अक्षरं.
कुलसुंगेबाईंना फोन केला वाचनालयात.
"निपुत्रिक वारला असा अर्थ. मुंबईतच, अठराशे एक्केचाळीस."
मग आवाज उतरवून,
"म्हणजे, कुणी लिहून ठेवलेलं मूल नाही."

घराण्याच्या ढालीवर तीन घोडे,
सोनेरी ठसा, विटलेला,
तिघांच्याही पाठी उघड्या.

आम्ही जिनगर.
आजोबांचे आजोबा भायखळ्याला तबेल्यामागे बसून
जीन शिवायचे पलटणीसाठी.
नाव इठोजी की रामोजी, घरात दोन मतं आहेत.
घोडे कमी झाले तसे
त्याच दाभणाने आम्ही पुस्तकं शिवू लागलो.
एडमंडच्या घोड्यावर खोगीर आमचं होतं
असं म्हणायला मला कोण अडवतंय?
पण आमच्या बाजूला कागद नव्हता, चामडं होतं,
आणि चामडं घामाने कुजतं.

जुनी खळ भिजवून खरवडली.
नव्या खळीत चिमूटभर मोरचूद.
भोकांवर जपानी कागदाचे ठिपके बसवत गेलो.
बाईंनी बजावलं होतं, अक्षरं भरू नका, जागा कोरी सोडा.
गिल्बर्टमधला 'ल्ब' गेलेला,
तो गेलेलाच ठेवला.

संध्याकाळी बँकेतून सुनेत्रा येते, चहा घेऊन बसते.
"शेवटी इस्टेट कुणाला मिळाली?"
शेवटचं पान काढून दिलं.
हॉल विकला, तिथे शाळा झाली.
शेवटच्या सरांना एकच मुलगी.
'किताब लुप्त', असं छापलंय.
"पण ती होती की," सुनेत्रा म्हणाली,
आणि बिस्किट चहात पडलं तिचं.

कण्याला आतून रद्दी लागते,
जुनी, चिवट, आम्लाचा वास नसलेली.
फळीवर आईच्या उसनवारीची वही होती.
रवा पाऊण शेर, ताराक्का.
बारा आणे, भिमाआत्या.
सोनूमावशी, दोन रुपये, परत नाहीत.
तिच्या आईचं नाव मला तिथेच पहिल्यांदा कळलं,
साखरेपुढे लिहिलेलं : गोदा.

चार पट्ट्या कापल्या.
खळ लावून, हाडाच्या पट्टीने घासून
थॉर्नविकांच्या पाठीला आतून बसवल्या.
वर कापड, वर लाल चामडं, वर तीन घोडे.
काही दिसत नाही.
उघडताना कणा जरा वाजतो, एवढंच.

बिल लिहिलं :
शिवण नवी. पाठ नवी.
कसर भरून काढली, भोकं एकशे पस्तीस.
कागद आमचा.
एकूण सतराशे पन्नास.

"कागदाचे लावलेच नाहीत," सुनेत्रा म्हणाली.
नाही लावले.