इश्यू स्लिप

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पहाटे साडेपाचला पाटनीपुऱ्यातून रिक्षा.
कोपऱ्यावरच्या पोह्यांना नुकती वाफ धरलेली असते,
रिक्षावाला म्हणतो, "भिया, थोडा खा लो,"
मी मान हलवतो. मांडीवर थर्मास,
थर्मासात बर्फ, बर्फात दवाबाजारातून आणलेलं
रक्त वाढवायचं इंजेक्शन.

मशीन चार तास रक्त नेतं, आणतं.
रक्त म्हणजे, जेवढं आहे तेवढं.
हिमोग्लोबिन साडेसात.
गच्चीवरचे टॉवेल काढायला निघालो
की मधल्या पायरीवर बसावं लागतं.
कुमुद खालून विचारते, काय झालं?
मी म्हणतो, कबुतरं बघतोय.

इंजेक्शन चार हजारचं सहा हजार झालं,
मग दहा. आकडा जागचा हलेना.
लोह कमी म्हणावं तर फेरिटिन अकराशे.
डॉक्टर सोजतिया कागदाकडे बघतच म्हणाले,
"लोह आहे हो. कोठारात आहे.
शरीरानंच कुलूप घातलंय.
कुठेतरी सूज धुमसतेय आत, ती शोधू."

मला हसू आलं.
एकतीस वर्षं मिलच्या स्टोअरला होतो मी.
बेअरिंग, बोल्ट, चामड्याचे पट्टे,
खिळासुद्धा स्लिपशिवाय सुटला नाही.
आणि एकदा कुणीतरी ओरडत आलं, दंगल उसळली,
तर मी आतून अडसर घातला
तो संध्याकाळपर्यंत.
बाहेर एकेक साचा बंद पडत होता,
जॉबर धुलजी दार बडवत होता,
"तांबेसाब, एक पट्टा दे दो, बस एक."
रॅक भरलेले होते.
मी दिला नाही.
दंगल झालीच नव्हती.

आता कोण बसलंय माझ्यात,
किल्ल्या कमरेला खोचून,
दाराला पाठ लावून?

छातीचा फोटो झाला. हातातला फिस्तुला तपासला,
पायांची बोटं सुटी करून बघितली.
सीआरपी बेचाळीस, आणि कारण सापडेना.
शेजारच्या बेडवरून तेजूमल म्हणाले,
"दाँत दिखाया?"

डावीकडची, खालची, शेवटून दुसरी.
दुखत नव्हती, म्हणून मीही कधी बोललो नव्हतो.
मुळाशी पू.
एक डायलिसिस हेपॅरिनशिवाय केलं,
दुसऱ्या दिवशी दाढ काढली.
रेहाना सिस्टर म्हणाली, घेऊन या, बघू तरी.
काडेपेटीत नेली.
एवढीशी वस्तू. हिच्यासाठी सगळं गोदाम बंद.

कुलूप एकदम निघत नसतं.
आतल्याला कुणीतरी सांगावं लागतं
की बाहेर शांत आहे, आणि त्याला ते पटावं लागतं.
सात आठवडे गेले. आठ पूर्णांक दोन.
इंजेक्शन परत सहा हजारवर.
धुलजी कुठे असेल, असेल की नसेल,
माहीत नाही.

काल टॉवेल मी आणले.
मधल्या पायरीवर बसलोच,
पण काल कबुतरं खरंच होती.