पंधरा अक्षरं

बडोद्यात, दांडिया बाजारात,
पंखे-मोटारींच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्याला
घोरपडे आणि कंपनी: विम्याच्या दाव्यांची पाहणी.
चार टेबलं, चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
भिंतीवर चेपलेल्या गाड्यांचे फोटो.

"टिपणीसबाई दिसत नाहीत," साहेब फोनवर म्हणाले होते.
क्षणभर घाबरलेच मी.
बाई होत्या. दाराशीच होत्या,
चष्मा कपाळावर, बशीत अर्धं खारी बिस्किट.
दिसत नव्हता तो त्यांचा कॉम्प्युटर,
बाकी तिघांच्या यादीत,
नवा राउटर आला त्या दिवसापासून.

अकरा दिवस फाइली पायी चालत होत्या.
फाल्गुनीच्या टेबलापासून बाईंपर्यंत सहा पावलं,
पेन ड्राइव्हला सुतळी बांधलेली,
चाळीतल्या संडासाच्या किल्लीसारखी.
हालोलचा उलटलेला ट्रक
परवा वाटेतच कुठेतरी राहिला,
आणि त्याच्या दाव्याला वाघोडियाची रिक्षा लागली.

मी टेबलाखाली शिरले.
केबलच्या तोंडाचा चिमटा मोडलेला, पण दिवा हिरवा.
काळ्या खिडकीतून हाक मारून पाहिली,
नावानं नाही, नंबरानं.
चार हाका, चार ओ,
मिलिसेकंदाच्या आत.
म्हणजे आहे. ऐकू येतंय. उत्तरही देतो.
फक्त आपण होऊन सांगत नाही, मी आहे म्हणून.

वर्कग्रुप पाहिला.
तिघांकडे घोरपडे इंग्रजीत नीट,
यांच्याकडे मधला ए गळालेला.
"सापडलं!" मी म्हणाले. फार लवकर म्हणाले.
ए घातला, रिस्टार्ट केलं,
पंखा धापा टाकत उठला,
यादीत नावं तीनच.

साहेब डोकावून गेले. "नवाच घ्यायचा का?"
बाईंनी बिस्किट बुडवलं.

"बाई, राउटर बदलला तेव्हा
यानं काही विचारलं होतं का तुम्हाला?"
"विचारलं की.
इथल्या इतरांना तुम्ही दिसावं का, असं."
"मग?"
"नाही म्हटलं.
एकतीस वर्षं झाली इथे, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.
विचारलंच आहे तर खरं सांगावं."

यावर माझ्याकडे कुठली पक्कड नव्हती.
मी त्यांना सांगितलं, हे उलटंच असतं बघा:
नेटवर्क सार्वजनिक म्हटलं की हा दारं लावून घेतो,
खासगी म्हटलं की घरच्यांना दिसतो.
"आमच्या ह्यांच्यासारखं," बाई म्हणाल्या, आणि माउस माझ्याकडे सरकवला.

"कुठला फोल्डर उघडा ठेवू?"
"दावे. फक्त दावे."
शेजारी एकाचं नाव होतं 'माझं'.
मी बाण वळसा घालून नेला.

"आवी गयुं!" फाल्गुनी ओरडली.
मग गप्प. मग म्हणाली,
"पण आ दिवेकर कोण छे?"

दिवेकर पुण्याला असतात, मुलीकडे.
निवृत्त होऊन सहा वर्षं,
रोज पहाटे गुलाबाचा फोटो पाठवतात.
कॉम्प्युटर बाईंकडे आला तो त्यांच्याकडून,
खुर्चीवरच्या उशीसकट.
सहा वर्षं सगळे शॉर्टकट दाबत होते,
आतलं नाव कुणी वाचलंच नव्हतं.

"बदलू?"
"आधी तो ट्रक येऊ दे. मग बदल.
किती अक्षरं चालतात?"
"पंधरा."
बाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं, ओठ हलवत:
हंसा, एक आडवी रेघ, टिपणीस.
"इंग्रजीत बारा. तीन उरतात."

"पुढे रेघ मारून पीसी लावा," साहेब आतून म्हणाले,
"बरोब्बर पंधरा होतील."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
पडद्यावरची रिकामी चौकट पाहिली.
"नको," म्हणाल्या.
"उरू देत."