वरचा झगा वरच राहिला

सगळ्यात आधी शेमीज.
मलमलीची, गुडघ्याखाली पोचणारी,
कच्ची कड आतल्या आत मिटवून शिवलेली.
अंगाला जे टेकतं ते रोज धुता आलं पाहिजे,
बाकीचं मग कितीही मिरवू दे.

मग तुमान. दोन पाय वेगवेगळे शिवायचे,
कमरेच्या पट्टीला जोडायचे, मध्ये उघडं ठेवायचं.
हे सांगितलं तेव्हा दिगंबरने चष्मा काढला.
"राणीच्या राज्यात सगळ्याच अशा?"
सगळ्याच. एकदा वरचं चढवल्यावर
नाड्या सोडत बसणार कोण?

कॉर्सेटला हाडं लागतात, देवमाशाची.
शारजात, अल नाहदाच्या अकराव्या मजल्यावर
देवमासा नाही, दिगंबर आहे.
साइटवरून त्याने केबल टाय आणले,
डक्ट आवळायचे, काळे, बोटभर रुंद.
अठ्ठावीस तुकडे. टोकं मेणबत्तीवर गोल केली.
तीन दिवस वरणाला प्लॅस्टिकचा वास.

त्यावर एक परकर.
त्यावर मागचा फुगारा, कमरेला बांधायचा,
त्यात भरायला काहीतरी मऊ हवं होतं.
आईने पाठवलेली सहा दुपटी कपाटात होती,
घडी न मोडलेली.
ती भरली.
त्यावर दुसरा परकर, झालरीचा, नऊ मीटर घेर.
कशासाठी? म्हणून विचारतात लोक.
समारंभ कुठलाच नाही. चौदा महिने हाताने शिवते आहे,
मशीन असताना.

शुक्रवारी दुपारी चार वाजता
सगळं पहिल्यांदाच एकावर एक घातलं.
दिगंबर सोफ्याला पाय लावून पाठीच्या दोऱ्या खेचत होता
आणि मी म्हणत होते, अजून, अजून,
तेवढ्यात इमारतीचा अलार्म.
झगा हँगरवर. दाराबाहेर धावपळ.
लिफ्ट बंद.
अकरा मजले उतरले मी पूर्ण कपड्यांत,
म्हणजे नुसत्या आतल्या कपड्यांत.

खाली पार्किंगमध्ये सेहेचाळीस अंश.
कोणी लुंगीवर, कोणाच्या अर्ध्या गालावर फेस,
दिगंबर बनियनवर, नावाला जवळजवळ जागलेला.
उम्म फारिस अबाया ओढून आली होती,
त्याच्याखाली काय, देव जाणे.
वॉचमन रफीकुल मला म्हणाला, "मॅडम, शादी हाय?"
सगळ्यांत अंगभर तेवढी मीच.

ओळखलं फक्त झुलेखा परकारने. ती शिवणकाम जाणते.
कानाशी येऊन म्हणाली, "अगो, हे तर आतलं!"
मी म्हटलं, तू परकार, मी परकर, गप्प बस.
हसता येईना. केबल टाय बरगड्यांत रुतले,
श्वास वरच्या वर, चिमणीएवढा.

घाम मात्र शेमीजने सगळा पिऊन टाकला.
तिचं काम तिने केलं.

उम्म फारिसची धाकटी झोपेतून उचलून आणलेली.
सावली शोधत ती माझ्या मागे आली,
झालरीला धरून उभी राहिली,
मग फुगाऱ्यावर गाल टेकवला.
"नाइम," म्हणाली आईला. मऊ.
मी वळले नाही. वळता येतही नव्हतं.
अर्धा तास गाड्यांकडे तोंड करून उभी राहिले,
पायाखालचं डांबर चपलेला चिकटत होतं.
दिगंबर बघत होता. काही बोलला नाही,
हातातल्या पेपराने तिला वारा घालत राहिला.

सातव्या मजल्यावर कोणाचा तरी बांगडा करपला होता, एवढंच.

वर आलो. झगा एसीच्या वाऱ्यावर
एकटाच हलत होता, कोणी आत नसलेला.
त्या दिवशी तो घातला नाही.
वाकता येईना म्हणून चपला दिगंबरने काढल्या,
मग दोऱ्या सैल केल्या, एकेक घर, खालून वर.
फुगारा सोडून टेबलावर ठेवला
तर एका बाजूला बोटभर ओल, लाळेची.

शेमीज त्याच रात्री धुतली.
फुगारा धुतला नाही.