स्थिती-अहवाल

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, एसी एकवीसवर.
खोक्याच्या फळ्या उचकटल्या
आणि तिच्याआधी तिचा वास बाहेर आला:
डांबर, खारं पाणी, खाली कुठेतरी ओलं पोतं.
फॉर्मवर वासाला रकाना नाही.

मी लिहिलं,
लॉट एकसष्ट. ‘उभी’. १९८९.
कलाकार खोर्शेद दुबाश.
जहाजाचा दोर, गाठी, लोखंडी कडी.
उंची दोनशे चौदा सेंटिमीटर
(टांगल्यावर. खाली ठेवली तर नुसता ढीग,
आणि ढिगाला भाव येत नाही).
डाव्या बगलेत कसर.
कमरेखाली दीड मीटर दोर विरलेला, बदलावा.

बगल, कंबर, खांदा –
काय नावं द्यायची दुसरी?
कॅटलॉगवाला रोनक तिला ‘आदिम’ म्हणतो,
आणि एकदाही तिच्या मागे जात नाही.

मागे जावं लागतं मला. टॉर्च घेऊन, गुडघ्यांवर.
दोन दिवस गाठी मोजल्या,
सगळ्या डावीकडून वळलेल्या.
कॅटलॉगमधल्या फोटोत खोर्शेदबाई,
पांढरा बॉबकट, बिनबाह्यांचा ब्लाउज,
सिगारेट उजव्या हातात.

दोर जुळवायला दारूखान्यात गेले.
गंजलेल्या नांगरांच्या गल्लीत
चोगलेचाचांनी माझ्याकडचा तुकडा हुंगला, दातांत धरला.
"हा आपल्याच वखारीतला. दुबाशबाई गाडीतून यायची,
खडूनं भिंतीवर आकडे काढायची, हितनं वळव, तितनं सोड.
गाठ मारायची ती चांगुणा. चांगुणा नाखवा.
उजव्या हाताची दोन बोटं विंचनं नेलेली,
सगळं डाव्यानं. जेवणसुद्धा."

आता कुठे असते, विचारलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"तुम्हाला दोर पाहिजे का बाई?"

दोर, मी म्हटलं.
दीड मीटर.
पावती दुबाशांच्या नावानं नको, कंपनीच्या नावानं करा.

त्याच रात्री सापडला.
पोटातल्या आतल्या गाठीत, जिथे टॉर्चही वाकडी धरावी लागते,
एक केस. काळा, हातभर लांब.
आधी वाटलं अडकलाय.
चिमट्यानं टोक उचललं तर दोराबरोबर तीन वेढे फिरलेला,
दोराबरोबरच आवळलेला.
घाईत पदर सुटला असेल, केस तोंडावर आले असतील,
हात मोकळा नसेल.
किंवा मुद्दाम. मला काय माहीत.
बाह्य पदार्थ: काढावा / ठेवावा.
चिमटा बराच वेळ हातात राहिला.
खाली वॉचमन रेडिओ बंद करून लावत होता, बंद करून लावत होता.

लिलाव शनिवारी, अपोलो बंदरच्या हॉटेलात.
मी मागे, हमालांच्या रांगेत.
सत्तर, पंचाहत्तर, फोनवरच्या कुणाचे नव्वद,
पुढच्या रांगेतल्या मोत्यांनी पाटी वर केली,
फोन थांबला, विचार करत राहिला,
आणि हातोडा पडला,
सुपारी फुटावी एवढाच आवाज.
एक कोटी सोळा.

दगडू सकपाळनं तिला टांगलं होतं, त्यानंच उतरवायची.
"वजन किती म्हणालात मॅडम?"
अठ्ठावन्न किलो.
तो बोटांवर काहीतरी करत राहिला.
"किलोला दोन लाख. बरोब्बर.
पापलेटला मागं टाकलं हिनं."
मग हात पँटला पुसले
आणि तिला दोन्ही खांद्यांखाली धरली,
दवाखान्यात धरतात तशी.

आता ती जिनिव्हाला जाते.
खोक्यात सिलिकाच्या पुड्या, वर माझा अहवाल, पाच पानं.
पान चार:
केस, एक, काळा. मूळ रचनेचा भाग. ओढू नये.

मंगळवारी विमा कंपनीची मेल.
मूळ म्हणजे? केस कलाकाराचाच आहे, याची खात्री द्याल का?

फोटोतला पांढरा बॉबकट पुन्हा एकदा पाहिला.
डाव्या हाताच्या बोटानं टाइप केलं,
होय.