जन्म : सोहार

शहरांनाही बहिणी असतात, हे मला छापखान्यात कळलं.
आमच्या सोहारची बहीण निघाली अमेरिकेत,
मक्याच्या शेतांमध्ये, समुद्रापासून दोन दिवसांवर,
लोकवस्ती एक लाख अकरा हजार.
दोघींची मिळून स्मरणिका काढायची होती,
आर्ट पेपरवर, चकचकीत,
डावीकडे त्यांचे नामवंत, उजवीकडे आपले.

त्यांची यादी आधी आली.
एक बेसबॉलवाला. एक लोणच्याच्या बरण्यांचा सम्राट.
गोठलेल्या नदीत पोहणारी एक बाई
(गोठलेल्या नदीत पोहतात कसं, हे विचारणं माझं काम नाही).
आणि एक नट :
जन्म इथे, दुसऱ्या वर्षी कुटुंबासह प्रस्थान.

त्या ओळीपाशी माझा माऊस थांबला.
दोन वर्षं!
दात यायचे, पाय फुटायचे, की निघायचं,
आणि तरी शहर म्हणतं, आमचा.
मी एकतीस वर्षं इथे.
माझ्या असण्यावर दर दोन वर्षांनी
नवा शिक्का मारून घ्यावा लागतो.

मग आमची यादी. अकरा नावं.
तांब्याचा व्यापारी. विमान उडवणारी पहिली मुलगी.
ज्याचा बैल सात हिवाळे झुंज हरला नाही, तो हमूद.
फुटबॉलचा गोलकीपर.
प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत
जन्म : सोहार. जन्म : सोहार.
कॉपी, पेस्ट, कॉपी, पेस्ट,
आणि सहाव्या की सातव्या वेळी
डेटॉलचा वास आला.

सिस्टर फिलोमिना डाबरे.
वसईची, निर्मळच्या तळ्याकाठची.
प्रसूतिकक्षात सव्वीस वर्षं.
अरबी बोलायची ती वसईच्याच हेलात,
आणि शेवटच्या कळेला तेही विसरून ओरडायची,
"जोर कर गो बाय!"
बाई जोर करायची.
तेवढं मराठी या किनाऱ्यावर पुष्कळ जणींना येतं.
अकरांतले निदान चार तिनेच उलटे धरून रडवलेत.
गोलकीपरला तर पहिल्यांदा झेललंच तिने.

माझ्या मुलीलाही.
तीसुद्धा दोन वर्षांची असताना आईबरोबर परत गेली,
माझा पगार कुटुंबाच्या व्हिसाला साठ रियाल कमी पडत होता.
आता मिरजेत असते, श्रवणयंत्रं दुरुस्त करते.
फॉर्मवर लिहिते, जन्मस्थान : सोहार.
कारकून विचारतो, तालुका?
नटाच्या हिशेबाने तीही बसते या पानात,
फक्त नामवंत व्हायचं राहिलंय.

सिस्टरचा हिशेब साठीला चुकता झाला.
एक घड्याळ, एक एकेरी तिकीट.
विमानतळावर सामान तीन किलो जास्त भरलं
तर खजुराचा डबा काढून माझ्या हातात दिला.
म्हणाली, "ठेव. हे इथलंच."

पान लागलं, तरी तळाशी चार ओळींची जागा उरली.
मालक म्हणाले, बोटीचं चित्र टाक.
टाकलं. जुनं लाकडी गलबत, शीड फुगलेलं.
आता गलबत म्हटलं की त्याला नाव हवं.
चार पॉइंटात, उजवीकडून डावीकडे,
मी त्याच्या कुशीवर अक्षरं बसवली
आणि जेवायला गेलो. जेवण काही गेलं नाही.

सालिम अल-बलुशी प्रूफ वाचतात ते भिंग घेऊन.
नावं झाली, पदं झाली, वालींचा फोटो झाला,
मग भिंग बोटीवर आलं.
मालकांचा जन्म चौऱ्याऐंशीचा.
दोन रात्री आईची सुटका होत नव्हती,
हे एकदा चहा पिताना त्यांनीच सांगितलेलं.
भिंग बराच वेळ हललं नाही.
बाहेर कटिंग मशीन चालू होतं.
मग म्हणाले,
समुद्र फार गडद आलाय,
निळा दोन टक्के कमी कर.